पहिल्याच दिवशी दाखवलेला पेपर

“मॅडम, पेपर फोडायचाच आसंल तर निदान वर्गाचं दार तरी लावून घ्या!”

ह्ये मीच बोल्लो. बाक मागं सरकवून, उभा ऱ्हाऊन, सगळ्या पोरांम्होरं. वृषाली मॅडमनी खडू खाली ठिवला आन् माझ्याकडं बघितलं.

“फोडत नाहीये, दाखवतेय. बस खाली.”

“आवो पन परीक्षा डिसेंबरात हाय. आज जून हाय. आजच पेपर सांगून टाकला तर मंग सा म्हयने करायचं काय? झोपा काढायच्या?”

“तेच सांगणार होते. तू मध्येच उठलास.”

“उठनारच. फशिवनारं मानूस मला लांबनं वळखू येतं.”

मागं कोनतरी फिसकन हासलं. मी वळून त्याला जे म्हनलो ते हितं सांगन्यासारखं न्हाई. मॅडमनी ऐकलं, पन वर्गाभाईर न्हाई काढलं. म्हनल्या, “नाव काय तुझं?”

“पंकज.”

“पंकज, फळ्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच. मग भांड.”

मी वाचलं. “शेवटच्या दिवशी तुमच्यापुढे एक बंद पडलेली मोटार असेल. ती का बंद पडली ते शोधायचं, बघणाऱ्याला समजावून सांगायचं, आणि चालू करून पाणी काढून दाखवायचं.” तेच्या खाली दोनच शब्द हुते. हाच पेपर.

“आता सांग,” मॅडम म्हनल्या, “आज येईल तुला हे?”

मला न्हाई येनार हुतं. वर्गात कुनालाच न्हाई. मी खाली बसलो, पन तोंड वाकडंच ठिवलं.

ही गोष्ट गेल्या सालची, सत्त्यान्नवची, आमच्या कोपरगाव तालुक्यातल्या एका कॉलेजातली. आता मी कॉलेजात कसा पोचलो ते सांगतो. मी नववीतनंच शाळा सोडल्याली. गनिताच्या मास्तरला म्हनलं, कळलं न्हाई, परत सांगा. त्यांनी परत सांगायच्या ऐवजी छडी काढली. मी छडी घेतली, मोडली, खिडकीतनं भाईर टाकली आन् तिच्या मागं मी बी भाईर. नंतर वेल्डिंगच्या दुकानात ऱ्हायलो, गॅरेजात ऱ्हायलो, नागापूरला एका कंपनीत पॅकिंगला गेल्तो. कुठंच टिकलो न्हाई. कोन आवाज चढवून बोललं की माझा बी चढायचा.

मे म्हयन्यात ह्या मॅडम आमच्या वस्तीवर आल्या. मूळच्या नगरच्या, कॉलेजात फिजिक्स शिकवायला नव्यानं लागलेल्या. उन्हाचं डोक्यावर रुमाल टाकून घरोघरी इचारत फिरत हुत्या. मला वाटलं जनगनना. आमच्या आईला, मनकर्णाबाईला, त्यांनी इचारलं, “मावशी, तुम्ही ज्यांच्या शेतावर जाता तिथं मोटार बंद पडली की पहिलं काय होतं?”

आई म्हनली, “पयलं समद्यांचं डोस्कं फिरतं.”

मॅडम हासल्या. “आणि मग?”

“मंग मालक स्टार्टरला लाथ घालतो. मंग वायरमनला शिव्या देतो. मंग मोटार टेम्पोत घालून तालुक्याला न्हेतो. तवर हिकडं ऊस करपतो आन् आमची बी कामं बंद.”

मॅडम आशा लई घरांत गेल्या. कंचं दुखनं जास्त, मोटारी कशानं जळत्यात, कोन काय चुका करतं, सगळं इचारून घेतलं. मंग कॉलेजच्या संस्थेला म्हनल्या, सा म्हयन्याचा पंप-मोटार दुरुस्तीचा कोर्स काढू, आन् त्यात दहावी नसलेली पोरं बी घेऊ. संस्थेचे अध्यक्ष गोरक्षनाथ अण्णा. ते म्हनले, एकदाच बघू. डिसेंबरात आम्ही स्वता येऊन परीक्षा घेऊ. पोरांना जमलं तर कोर्स ऱ्हाईल, दहावी नसलेल्यांच्या बी जागा ऱ्हातील, न्हाई तर कुलूप. आन् कुलूप लागलं तर कुनालाच सर्टिफिकेट न्हाई.

ह्ये आईनं ऐकलं आन् माझं बखोट धरून मला न्हेऊन बसवलं. ती एवढंच म्हनली, “हितनं भाईर आलास तर घरात येऊ नको.”

कोर्स सुरू झाला तसं माझ्या ध्यानात यायला लागलं, ही बाई येगळी हाय. आधी रंभाजी सरांनी ह्याच इषयाचा एक कोर्स लिहून ठिवल्याला हुता. रंभाजी सर मंजे फिजिक्सचे हेड, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज आसा की कॉरिडॉरमधल्या चिमन्या उडायच्या. तेंचा कोर्स सुरू व्हायचा अनूपासून. मंग इजेचा इतिहास. मंग सूत्रं. दिवाळी आली तरी मोटारीचा नटसुदिक हातात न्हाई. वृषाली मॅडमनी त्यातल्या एकेका धड्याला एकच सवाल केला. ह्ये आलं न्हाई तर मोटार चालू व्हायची अडंल का? अडत नसंल तर काढून टाकलं. अर्ध्याच्या वर गेलं.

ह्याच्यावरनं स्टाफरूममधी रन पेटलं. मी भाईरच्या नळावर हात धूत हुतो, खिडकी सताड उघडी.

“अणू काढला तुम्ही? मॅडम, अणू?” रंभाजी सर आसं बोलत हुते, जसं कायी तेंच्या घरातला मानूस काढलाय.

“काढला नाही, सर. मागं ठेवलाय.”

“पाया मागं ठेवतात का?”

“पोरं ज्या दिवशी स्वतः विचारतील त्या दिवशी शिकवू. आणि तुम्हीच शिकवा.”

“ही पोरं? ही अणूबद्दल विचारणार?”

“नाही विचारलं तर माझा कोर्स चुकला असं समजा.”

मला सरांचा राग आला. ‘ही पोरं’ मंजे काय? पन मॅडमचा बी आला. आमच्या जिवावर ह्यांनी पैज लावलीच कशाला?

वर्गात दोघा-दोघांच्या जोड्या हुत्या. माझी जोडी ज्ञानेश्वरीसंगट. बारावी झाल्याली, बागायतदाराची पोरगी, घरी दोन हिरी. मॅडमनी जोड्या मुद्दाम आशा लावल्या हुत्या, एक शिकल्यालं आन् एक सुटल्यालं. ज्ञानेश्वरी पयल्याच दिवशी म्हनली, “पंक्या, पक्कड दे. आन् मारायला उठू नको, मला बी मारता येतं.” तवापासून आमचं जमलं. मंजे रोज भांडायचो, पन जमलं.

दर शनवारी मॅडम कागदाचे तुकडे वाटायच्या. नाव घालायचं न्हाई. आठवड्यात काय कळलं न्हाई आन् काय खटकलं, ते लिहायचं. मी पयल्याच शनवारी लिहिलं: “मॅडम लई बोलत्यात. आमाला बी हात हायेत.” मला वाटलं, फाडून टाकतील. तर सोमवारी त्यांनी ती चिठ्ठी वर्गात मोठ्यानं वाचली. पोरं पोट धरून हासली. मॅडमनी इचारलं, “किती जणांना असंच वाटतं?” पयल्यांदा कोनच हात वर करंना. मंग ज्ञानेश्वरीनं केला. मंग सगळ्यांनी.

दुसऱ्या दिवशी मॅडम घरनं गजराचं घड्याळ घेऊन आल्या. टेबलावर ठिवलं. “हे वाजलं की मी गप्प. अर्धं वाक्य राहिलं तरी गप्प.” आन् खरंच! घड्याळ किंचाळलं तवा त्या म्हनत हुत्या, “तर कपॅसिटर म्हणजे...” आन् तिथंच तोंड मिटलं. हातानी खूण केली, उठा, मोटारी उघडा. आमी कपॅसिटर मंजे काय त्ये हातानंच शोधून काढलं. ज्ञानेश्वरीला तर बोटाला झटका बसून कळलं, की लाइन बंद केली तरी तो इज साठवून ठिवतो. तिनं जी शिवी दिली ती बागायतदाराच्या पोरीला कुठं शिकायला मिळाली, कोन जाने.

मंग सप्टेंबर आला. तवर तारा सोलनं, मीटर लावनं, स्टार्टर उघडनं, सगळं हातात बसत आल्तं. एका दिवशी तार धरून बसल्या बसल्या माझ्या डोक्यात किडा आला. पाइपातनं पानी जातं ते दिसतं. तारंतनं काय जातं? मी सरळ इचारलं, “मॅडम, तारंच्या आत नेमकं जातंय काय? तार तर भरीव हाय.”

मॅडम पळत गेल्या, आक्षरशा पळत, आन् रंभाजी सरांना घेऊन आल्या. “पंकज, सरांना विचार.”

मी तोच सवाल परत इचारला. सरांनी खिशातली दोन्ही पेनं काढून टेबलावर ठिवली आन् अनू शिकवायला सुरुवात केली. काय शिकवलं हो त्या मानसानं! त्ये फळ्याकडं जात हुते, परत येत हुते, माझ्या हातातली तार घेऊन दाखवत हुते. घड्याळ वाजलं, ते ज्ञानेश्वरीनं उशीखाली कोंबावं तसं दप्तराखाली कोंबलं. तास संपला तवा सर घामानं भिजल्याले. जाता जाता मॅडमला म्हनले, “एवढी वर्षं शिकवतोय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.”

मॅडम म्हनल्या, “सर, आधी मोटार उघडली म्हणून विचारला.”

एक गोष्ट मातर माझ्या गळ्याखाली उतरंना. मॅडमचा नेम हुता, चूक झाली की मोठ्यानं म्हनायचं, चुकलो. आन् फुडं काय करनार ते बी सांगायचं. आसं म्हनलं तर मार्क. चूक झाकली तर मार्क जानार. मी म्हनलं, “आमच्यात चुकलो म्हनलं की मार बसतो.”

“इथं मार्क बसतात,” मॅडम म्हनल्या.

एकदा त्या स्वता चुकल्या. सगळ्यांम्होरं स्टार्टरच्या वायरी उलट्या जोडल्या, आन् मोटार गुरगुरून गप्प. त्या म्हनल्या, “चुकले. आता मी आधी लाइन बंद करणार, मग वायरी परत मोजणार.” जसं कायी भाजीत मीठ कमी पडलं. खरंच चुकल्या का आमच्यासाठी चुकल्या, मला आजून म्हाईत न्हाई. पन माझ्या तोंडातनं तो शब्द सा म्हयन्यात एकदा बी निघाला न्हाई. ज्ञानेश्वरी म्हनायची, “परीक्षेत निघंल.”

डिसेंबर उजाडला. परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या अंगनात मांडव घातला. मधी लोखंडी घोडीवर थ्री फेजची मोटार, तिला पंप, शेजारी पान्यानं भरल्याला हौद आन् रिकामं पिंप. ठरलं आसं हुतं, आधी अण्णांनी चांगली मोटार चालू करून बघायची, पानी येतंय याची खात्री करायची, फोटो काढायचा. मंग मॅडम सगळ्यांना आत पाठवून मोटारीत गुपचूप एक बिघाड करनार, आन् अण्णा सांगतील त्या जोडीनं तो शोधायचा. बिघाड करायला सोपं जावं म्हनून मोटारीच्या डोक्यावरच्या डबीचं झाकन, जिथं तारा जोडत्यात त्या डबीचं, आधीच काढून ठिवल्यालं.

अण्णा आले. धोतर, टोपी, पांढऱ्या मिशा. बरुबर संस्थेचे चार मेंबर. मॅडम आन् प्राचार्य बाकीच्यांना खुर्च्यांकडं न्हेत हुते, तवर अण्णा थेट मोटारीपाशी. ताटात हळद, कुकू, फुलं, नारळ. अण्णांनी मोटारीला हळद-कुकू लावलं, हार घातला. मंग नारळ उचलला. मला वाटलं, खाली दगडावर फोडतील. अण्णांनी तो मोटारीच्याच लोखंडावर हानला. एक, दोन, फटाक! पानी धार लागून डबीत.

“अण्णा, पानी आत गेलं!” मी वराडलो. “बटन दाबू नका!”

सफारी घातलेला एक मेंबर माझ्याकडं वळला. “ए, तू कोण रे? पूजा चाललीये, दिसत नाही?”

“पूजा करा की! पन डबी उघडी हाय!”

त्यानं मला वरनं खालपर्यंत बघितलं. “तुमच्यात फोडत नाहीत म्हणून तुला टोचतंय व्हय?”

माझ्या कानात रगत चढलं. मी फुडं निघालो हुतो, खरं सांगतो, पन ज्ञानेश्वरी मधी घुसली. “आमच्यात फोडत्यात, काका! माझ्या बापानं दोन मोटारींना फोडलाय. पन शेजारच्या दगडावर. मोटारीच्या डोक्यावर न्हाई.”

अण्णांना हे सगळं गमतीचं वाटलं. “आरं पोरांनो, ट्रॅक्टरच्या बंपरवर फोडतो तर ट्रॅक्टरला काय होतं का? मंग हिला काय हुतंय?” आन् बोलता बोलता तेंनी स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं.

धडाम! डबीतनं निळा जाळ, काळा धूर, आन् सगळ्या अंगनाचा लाउडस्पीकर मुका. हार पेटता पेटता ऱ्हायला. जळका वास सुटला.

सफारीवाला म्हनला, “झालं. सहा महिने शिकून मोटार जाळली.”

“आमी न्हाई जाळली!”

“कोर्स कुणाचा आहे? अण्णा, मी आधीच म्हणालो होतो. चला, आत चहा घेऊ.”

मला मॅडम दिसल्या. तोंडावर कायच न्हाई, पन उजव्या हाताचा आंगठा घड्याळाचा पट्टा गोल गोल फिरवत हुता. मला कळलं. आतली वायंडिंग, मंजे तांब्याच्या तारंची गुंडाळी, जळाली आसंल, तर ती आज भरून निघनारी न्हाई. मोटार आज न्हाई फिरली, तर कोर्स गेला. मी गेलो. माझ्या मागनं येनारी बी सगळी गेली.

मॅडम चालत अण्णांच्या म्होरं गेल्या. “अण्णा, चहा नंतर. मी यांच्यासाठी दुसराच बिघाड ठरवला होता. तो आता नको. हा बिघाड पोरांना माहीत नाही, मलाही माहीत नाही. यापेक्षा खरा पेपर मला काढता आला नसता. घ्या परीक्षा.”

अण्णा थांबले. मोटारीकडं बघितलं, फुटल्या नारळाकडं बघितलं. मिशीवरनं हात फिरवला. “कंची जोडी?”

“तुम्ही सांगा.”

अण्णांनी बोट माझ्यावर धरलं. “ह्यो भांडखोर. आन् ही त्याची वकील.”

मी पयलं मेन स्विच पाडला, तिन्ही फ्यूज उपसले आन् खिशात घातले. सफारीवाला म्हनला, “खिशात कशाला?”

“दुसरं कोन उद्घाटन करील म्हनून,” ज्ञानेश्वरी म्हनली. लोकं हासली. अण्णा बी.

मी डबीवर नाक न्हेलं. वास जळक्या वार्निशासारखा. काय झालंय ते डोळ्यांम्होरं लख्ख दिसलं. मी म्हनलं, “वायंडिंग जळाली.”

“ऐकलं ना?” सफारीवाला खुर्चीवरनं उठला. “वायंडिंग जळाली. संपलं.”

ज्ञानेश्वरी माझ्याकडं बघत हुती. तिनं मीटर फुडं केला. मी तारा डबीतल्या पट्टीवरनं सोडवल्या. पयली गुंडाळी मोजली. दुसरी. तिसरी. तिन्ही सारख्या. गुंडाळी जळाली आसती तर एक तरी येगळी आली आसती. मंग मोटारीच्या अंगाशी लावून बघितलं. तिथं बी ठीक.

वायंडिंगला कायच झालं नव्हतं.

सगळा मांडव माझ्याकडं बघत हुता. मागं पोरं, म्होरं मेंबर, बाजूला रंभाजी सर. मनात आलं, बोलूच नये, गुपचूप दुसरं कायतरी करावं, कुनाला काय कळतंय? सफारीवाल्याला तर न्हाईच.

“चुकलो,” मी म्हनलं. आवाज आसा आला की मलाच ऐकू न्हाई आला. मंग मोठ्यानं म्हनलं, “चुकलो! वायंडिंग शाबूत हाय. वासावरनं बोल्लो, मोजायला पायजे हुतं. आता डबीतली पट्टी बघनार.”

“हे काय?” सफारीवाला मॅडमला म्हनला. “चुकला, तरी तुम्ही मार्क लिहिताय?”

“म्हणूनच लिहितेय,” मॅडम म्हनल्या.

अण्णा खुर्ची सोडून उठले आन् माझ्या खांद्यापाशी येऊन वाकले. “माझ्याकडं तीस मानसं कामाला हायेत,” ते म्हनले, “पन ह्यो शब्द मी आज ऐकतोय. चालू दे.”

पट्टी काढली. तारा जिथं बसत्यात ती सपाट पट्टी. तिच्यावर दोन खिळ्यांच्या मधी एक काळी रेघ उमटल्याली, कोळशानं वढल्यासारखी. मी ती ज्ञानेश्वरीच्या हातात दिली. समजावून सांगायचं काम तिच्याकडं.

“अण्णा, दोन पाट शेजारी शेजारी वाहत्यात,” ती म्हनली. “मधी बांध हाय. बांध हाय तवर दोन्हीचं पानी आपापल्या वाटंनं ऊसात जातं. बांध फुटला तर?”

“पानी आडवं घुसंल. ऊसात जायचंच न्हाई.”

“तसंच. ही पट्टी मंजे बांध. नारळाच्या पान्यात खार आसतो, त्यातनं इज पटकन आडवी घुसली. गुंडाळीत गेलीच न्हाई. म्हनून फ्यूज गेला आन् गुंडाळी वाचली. फ्यूज गेला नसता तर मंग खरंच जळाली आसती.”

अण्णांनी पट्टी उन्हाला धरली, काळी रेघ नखानं खरवडून बघितली. “मंजे मीच फोडला बांध.”

आन् अण्णाच पयले हासले, मंग सगळा मांडव हासला.

वर्गातल्या एका भंगार मोटारीची पट्टी आमी काढून आनली. डबी कापडानं कोरडी केली, उन्हात धरली, परत मोजली. तारा बसवल्या. झाकन लावलं, स्क्रू आवळले. खिशातनं फ्यूज काढून नवी तार घातली. मी अण्णांना म्हनलं, “दाबा.”

अण्णांनी हात मागं घेतला. “आता तूच दाब, बाबा.”

मी दाबलं. मोटार फिरली! पोरं वरडली. पन पाइपातनं पानी आलं ते करंगळीयेवढं, आजारी मानसाच्या धारंसारखं.

“एवढंच?” सफारीवाला.

माझं डोकं परत सनकायला लागलं, तर ज्ञानेश्वरीनं पंख्याच्या जाळीकडं बोट केलं. “पंक्या, बान बघ.” मोटारीच्या अंगावर बान कोरल्याला आसतो, कुनीकडं फिरायचं त्याचा. पंखा उलटा फिरत हुता. घाईत दोन तारांची आदलाबदल झाली हुती.

ह्या बारीला मला येळ लागला न्हाई. “चुकलो! मोटार उलटी फिरतीय. बंद करनार, फ्यूज काढनार, दोन तारा बदलनार.”

“तू एकटा न्हाई, आपन दोघं चुकलो,” ज्ञानेश्वरी म्हनली. “तारा मी धरल्या हुत्या.”

तारा बदलल्या. परत बटन. मोटार दनकन उठली, पाइप साप थरारावा तसा थरारला आन् मनगटायेवढी पांढरीफेक धार पिंपात आशी कोसळली की पिंप कलंडलं. पानी मांडवभर. मेंबरांनी खुर्च्यांवर पाय घेतले. सफारीवाल्याचे बूट भिजले त्याचा मला लई आनंद झाला, आन् तो मी झाकला बी न्हाई. पोरं धारंखाली शिरली. ज्ञानेश्वरीनं ओंजळभर पानी माझ्या तोंडावर मारलं. आमच्या आईला कुनीतरी कुंपनाभाईरनं आत आनलं हुतं, ती भिजल्या पदरानं डोळे पुसत हुती आन् वर म्हनत हुती, “पानी उडालं डोळ्यात.”

अण्णा धोतर गुढघ्यापर्यंत धरून पान्यात उभे. मॅडमला म्हनले, “बाई, तुमी पोरांना मोटार शिकवली आसं मी समजत हुतो.”

“अजून काय शिकवलं?” मॅडमनी इचारलं. त्यांचा आंगठा आता पट्ट्यावर नव्हता.

“ते मला शब्दात न्हाई सांगता येत. पन कोर्स ऱ्हानार. आन् दहावी नसलेल्यांच्या जागा डबल करा.” मंग ते सफारीवाल्याकडं वळले. “लिहून घ्या तुमी. आन् त्या पोराला मघाशी जे बोल्लात ते परत ह्या अंगनात बोलायचं न्हाई.”

सफारीवाल्यानं वही काढली. वल्ली झाली हुती, तरी लिहिलं.

रंभाजी सर गर्दीतनं वाट काढत मॅडमपाशी आले. आवाज हळू करायचा तेंचा प्रयत्न, पन तो चिमन्या उडवायचा आवाज, सगळ्यांनी ऐकला. “मॅडम, माझ्या बी.एस्सी.च्या वर्गाला जानेवारीत पहिल्या दिवशी पेपर दाखवला तर चालेल का?”

“आधी तो पेपर काय आहे ते ठरवावं लागेल, सर. शेवटच्या दिवशी त्यांना काय करता आलं पाहिजे?”

“हे मी कधी ठरवलंच नाही,” सर म्हनले. आन् दोघं पान्यातच उभं ऱ्हाऊन बोलत बसले. सर हातवारे करत हुते, मॅडम मान हलवत हुत्या, मधीच दोघं भांडत हुते. मला ते बघायला लई ग्वाड वाटलं.

सर्टिफिकेट त्याच आठवड्यात मिळालं. आईनं ते भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली लावलंय. आल्या-गेल्याला पानी इचारायच्या आधी ते दाखवती. मी म्हनलं, आई, बास की आता. ती म्हनली, तू गप.

आन् काल अण्णांच्या मळ्यातनं निरोप आला. तिथली मोठी मोटार चार गावच्या मिस्त्र्यांनी बघितली, पन चालू ऱ्हाईना. अण्णा म्हनले, त्या भांडखोराला आन् त्याच्या वकिलीनबाईला बोलवा. मी वासावरनं कायी बोलनार न्हाई, मोजनार. पन मला आतूनच वाटतंय की स्टार्टरचा कॉन्टॅक्ट, बटन सोडल्यावर इज धरून ठिवनारा, गेला आसनार, कारन निरोप्या म्हनला, बटन सोडलं की...

जीप आली. ज्ञानेश्वरी फुडच्या सीटवर बसून हॉर्न वाजवतीय, डायवरचा हात ढकलून. पक्कड, मीटर, टेस्टर, सगळं घेतलंय. मला आता निघाया पायजे.